अठरा डिसेंबरची अपॉइंटमेंट : ठाण्यात अडकलेल्या एका एच-१बी धारकाचं प्रकरण

नावं बदलली आहेत. कंपनी, रुग्णालय ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. निखिल आणि मृणालने लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर, "आमचा मूर्खपणाही लिहा, ताई." तो लिहिला आहे, आणि शेवटी थोडा माझाही. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत मी एकोणीस वर्षं एचआरमध्ये होते. परदेशी जाणाऱ्या माणसांचे कागद हेच माझं टेबल. आता पाचपाखाडीत घरी बसून ओळखीपाळखीच्या लोकांचे कागद लावून देते. मी वकील नाही. या प्रकरणात जिथे वकील लागला तिथे वकील गाठला आणि सीए लागला तिथे सीए.

पार्श्वभूमी

निखिल नौपाड्यात वाढलेला, आज ३६ वर्षांचा. २०१४ मध्ये एमएससाठी अमेरिकेत गेला, २०१७ पासून एच-१बीवर, म्हणजे तिथल्या कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर आहे. न्यू जर्सीतल्या दोनेकशे माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. कंपनीची भारतात शाखा नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. बायको मृणाल एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आणि ईएडी या कामाच्या परवान्याच्या कार्डावर अकाउंट्सची नोकरी करणारी. मुलगी सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक.

एच-१बीची मूळ मर्यादा सहा वर्षांची. पण निखिलची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली मागणी, मंजूर असल्याने तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. ग्रीन कार्ड मात्र लांबच. डिसेंबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारतासाठी ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटाची तारीख २०१३ सालातच रेंगाळत होती आणि रांगेतली निखिलची तारीख २०१९ ची. त्याची ताजी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली, फेब्रुवारी २०२९ पर्यंत.

मग अडलं कुठे? पासपोर्टवरच्या स्टँपमध्ये. हा घोळ इतक्या घरांत होतो की थोडं थांबून सांगते. मोठ्या सोसायटीत भाड्याने राहता तेव्हा तुमच्याकडे घराचं अ‍ॅग्रीमेंट असतं आणि गेटचा पास असतो. पास संपला म्हणून कोणी घरातून बाहेर काढत नाही. आत आहात तोवर कोणी विचारतही नाही. पण दूध आणायला खाली उतरलात की परत येताना वॉचमन अडवतो. मंजूर पिटिशन, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज, हे अ‍ॅग्रीमेंट, व्हिसाचा स्टँप म्हणजे पास. निखिलचं अ‍ॅग्रीमेंट २०२९ पर्यंतचं होतं आणि पास फेब्रुवारी २०२३ मध्येच संपला होता.

२०२३ मध्ये त्याला मुलाखतीशिवाय, नुसती कागदपत्रं ड्रॉपबॉक्समध्ये टाकून स्टँप मिळाला असता. तेव्हा जुना व्हिसा संपून ४८ महिने होईपर्यंत ती सवलत होती. पण नोकरी नवी, मुलगी लहान, "पुढच्या वर्षी बघू." २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतच स्टँप देण्याची एक प्रायोगिक योजना आली, सुमारे वीस हजार जागांची. भारतात दिलेल्या स्टँपपैकी तिच्यात १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर २०२१ या काळातले बसत होते. निखिलचा २०२० चा.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. २ तारखेला ड्रॉपबॉक्सची सोय जवळजवळ सगळ्यांसाठी बंद झाली. ६ तारखेला सूचना निघाली की व्हिसाचा अर्ज स्वतःच्या देशात किंवा राहत्या देशातच करायचा, म्हणजे मेक्सिको-कॅनडाला जाऊन स्टँप मारून घेण्याची पळवाट गेली. १९ तारखेला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश आला. त्या रात्री ठाण्यातल्या किती घरांत फोन वाजले असतील! पण निखिलचा व्हिसा नवा नव्हता. ती फी आपल्याला नाही, असं त्याने घरी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. निदान तोवर.

नाताळच्या सुट्टीत ठाण्याला यायचं, मुंबईत स्टँप करून घ्यायचा, अशी आखणी करून त्याने सप्टेंबरमध्येच बीकेसीच्या वकिलातीत १८ डिसेंबरची मुलाखत मिळवून ठेवली होती. मृणाल आणि मुलगी तिकडेच राहणार होत्या. नोव्हेंबरमध्ये निखिलच्या वडिलांच्या, अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. २४ नोव्हेंबरला ठाण्यात बायपास झाली. आता येणं ही सहल राहिली नव्हती.

पहिला वळणबिंदू : ३ ते ५ डिसेंबर

३ डिसेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून सगळ्या एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची ऑनलाइन हालचाल तपासली जाईल आणि सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतील. विद्यार्थ्यांना हे आधीपासूनच होतं. कंपनीच्या वकिलाचा मेल आला : अत्यावश्यक नसेल तर प्रवास टाळा. निखिलचं विमान ५ तारखेचं.

तो आला. याला मी चूक म्हणत नाही. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "अण्णा बोलत नाहीत फारसे. तू आलास तर बोलतील." याची तुलना व्हिसाशी कशी करायची? पण निघायचं ठरल्यावर जे दोन दिवस हातात होते त्यांत एक काम व्हायला हवं होतं आणि ते झालं नाही. मॅनेजरला किंवा एचआरला त्याने विचारलं नाही की परतायला उशीर झाला तर काय करायचं. त्याच्याकडे २८ डिसेंबरपर्यंतची मंजूर रजा होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

अडचण

मेल ९ डिसेंबरच्या रात्री आला. मुलाखत १८ डिसेंबरऐवजी १२ मार्च २०२६. पाठोपाठ दूतावासाने जाहीरही केलं की जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही. तपासणी वाढली म्हणून रोजच्या मुलाखती कमी केल्या होत्या. बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची, ११ तारीख मात्र कायम होती. ते उरकून निखिल कुर्ल्याहून लोकलने परत आला आणि घरी न जाता थेट माझ्याकडे आला.

आम्ही एक मोठा कागद घेतला. वर निखिलने लिहिलं "१२ मार्च" आणि त्याला दोनदा गोल केला. मी म्हटलं, बाकीच्या तारखा लिही. त्याला कळेना की कुठल्या.

रजा संपते २८ डिसेंबरला. मृणालचं एच-४ आणि ईएडी, दोन्ही संपतात १४ फेब्रुवारीला. तिच्या नूतनीकरणाचा अर्ज निखिलच्या अर्जासोबत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाऊ शकला असता, पण "आधी तुझं होऊ दे" करत तो नोव्हेंबरमध्ये गेला. ईएडी संपल्यावर आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढीचा आधार ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना राहिला नव्हता. म्हणजे नवं कार्ड आलं नाही तर १५ फेब्रुवारीपासून तिला काम थांबवावं लागणार. घराचा करार फेब्रुवारीअखेर संपणार. तिघांचा आरोग्य विमा निखिलच्या नोकरीवर, आणि मुलीला दम्याचा त्रास.

हे सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, "आणि नोकरीच गेली तर?"

"दुसरी शोधेन. दोन महिने देतात ना."

इथे मात्र मी त्याला थांबवलं. ते साठ दिवस अमेरिकेत असणाऱ्याला. तिथे असताना दुसऱ्या कंपनीने त्याचा एच-१बी आपल्याकडे वळवून घेतला असता तर एक लाख डॉलरचा प्रश्न आला नसता. २० ऑक्टोबरला अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याने हे स्पष्ट केलं होतं. त्याच खुलाशात दुसरी बाजूही होती. अर्जदार देशाबाहेर असेल आणि त्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नसेल, तर नव्या पिटिशनला ती रक्कम लागू. निखिल देशाबाहेर होता आणि त्याचा व्हिसा फेब्रुवारी २०२३ मध्ये संपला होता. जर्सी सिटीतल्या सोफ्यावर बसलेल्या निखिलला नवी नोकरी फुकटात मिळत होती. नौपाड्यातल्या दिवाणावर बसलेल्या त्याच निखिलसाठी नव्या मालकाला सुमारे ९० लाख रुपये मोजावे लागले असते. कोण मोजणार?

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने १२ मार्चचा गोल खोडला आणि कागदाच्या मध्यभागी लिहिलं, "ही नोकरी टिकली पाहिजे."

पुढचे तीन महिने आम्ही जे काही केलं ते या एका ओळीला धरून.

समोरचे पर्याय

तातडीची अपॉइंटमेंट. पहिला विचार सगळ्यांचा हाच असतो. निखिलने अण्णांच्या बायपासचे कागद जोडून अर्ज केला. मी म्हटलं होतं की मिळणार नाही, कारण अमेरिकेत तातडीने पोहोचण्याचं कारण द्यावं लागतं, आणि आजारी वडील ठाण्यात असणं हे ठाण्यात थांबायचं कारण झालं. नकार आला. एकदा प्रयत्न केला याचं समाधान, बाकी काही नाही.

एजंट. घोडबंदरच्या एकाने जानेवारीतला स्लॉट देतो म्हणून सांगितलं. व्हिसा खात्याचा लॉगिन आणि पासवर्ड मागितला, आणि पैसे अर्थातच आधी. मार्च २०२५ मध्ये दूतावासाने बॉट लावून घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि त्या खात्यांच्या सवलती गोठवल्या, ते मी त्याला दाखवलं. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच मोफत बदलता येते. ती एक संधी एजंटच्या हाती का द्यायची? हातातली १२ मार्च घालवून काहीतरी चांगलं मिळेल ही आशा मला जुगारासारखी वाटली. स्वतः रोज दोन वेळा पाहायचं आणि दुसरी तारीख समोर दिसल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

ठाण्यातून काम. हा पर्याय सोपा दिसत होता, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. कंपनीची भारतात शाखा नाही. अमेरिकेच्या पगारावर माणूस ठाण्यात बसून काम करायला लागला तर कंपनीचा इथे कायम व्यवसाय आहे असं करखातं म्हणू शकतं, ही त्यांच्या वकिलाची भीती. वर निखिलच्या टीमचा ग्राहक एक बँक, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं की त्यांच्या यंत्रणेत अमेरिकेबाहेरून शिरायचं नाही. भारतात तिसऱ्या कंपनीमार्फत नोकरीवर ठेवायचं असंही एचआरने सुचवलं. पण मग अमेरिकेतल्या नोकरीत खंड पडला का, विम्याचं काय, असे नवे प्रश्न. तो नाद सोडला.

बिनपगारी रजा. कंपनी याला तयार होती, पण तोंडी. "बघू, तुझी जागा ठेवायचा प्रयत्न करू." प्रयत्न या शब्दावर दोन पगारांचं घर उभं करता येत नाही.

राउटरचा सल्ला

हा खरं म्हणजे पर्यायांतच यायला हवा, पण त्याला वेगळी जागा देते.

२० डिसेंबरला निखिलचा कॉलेजचा मित्र भेटला. हिरानंदानीत राहणारा, हुशार. त्याने उपाय सांगितला : मृणालने घरच्या इंटरनेटला एक छोटा राउटर जोडायचा, निखिलने ठाण्यातून त्याच्यातून लॉगिन करायचं. कंपनीला वाटणार माणूस जर्सी सिटीत आहे. रात्रपाळी केली की झालं. "ताई, खूप जण करतात," असं निखिल मला म्हणाला. खोटं नसेलही.

मी त्याला नैतिकता शिकवली नाही. तो मोठा कागद काढून फक्त हिशोब मांडला. हे उघडकीला आलं तर कंपनी काय करेल? बँकेचा करार मोडला म्हणून त्याच दिवशी काढेल. तेव्हा तू कुठे असशील? ठाण्यात. स्टँप असेल? नाही. मग पुढची नोकरी किती डॉलरला? आणि १२ मार्चला खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं की डिसेंबरपासून काय करता आहात, तर काय सांगशील? तिथे खोटं बोललास आणि ते पकडलं गेलं तर प्रश्न या व्हिसापुरता राहत नाही, कायमचा दरवाजा बंद होऊ शकतो.

अण्णा आतल्या खोलीतून ऐकत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं लांबलचक बोलले. "मी चाळीस वर्षं कारखान्यात हजेरी लावली. कधी दुसऱ्याला पंच करायला सांगितलं नाही. साहेबाला सांग, अडकलोय म्हणून. माणूस असेल तर ऐकेल."

२२ डिसेंबरला, विमानाला सहा दिवस असताना, निखिलने मॅनेजरला फोन केला. हा दुसरा वळणबिंदू, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथे फिरलं. मॅनेजर चिडला. दहा दिवस का लपवलंस, हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता.

केलेल्या गोष्टी

मॅनेजर चिडला तरी त्याने एचआरला जोडून दिलं, आणि तिथे माझ्या जुन्या टेबलावरची एक गोष्ट उपयोगी पडली. अमेरिकेत फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट नावाचा १९९३ चा कायदा आहे. सगळे एफएमएलए म्हणतात. कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं, कर्मचाऱ्याची बारा महिन्यांची नोकरी आणि मागच्या वर्षात १,२५० तास काम, एवढं जुळलं तर आईवडिलांच्या गंभीर आजारात शुश्रूषेसाठी वर्षाला बारा आठवडे बिनपगारी रजा हक्काने मिळते. नोकरी राखून ठेवावी लागते आणि आरोग्य विमा पूर्वीसारखाच चालू ठेवावा लागतो. एच-१बीवाल्यालाही मिळते. आजारी माणूस परदेशात असला तरी मिळते आणि तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं. निखिल आठ वर्षं एच-१बीवर होता, त्याला हे माहीत नव्हतं. आपली मुलं तिकडे व्हिसाचे नियम तोंडपाठ करतात, पण कामगार म्हणून आपले हक्क कोणते हे क्वचितच वाचतात, असा माझा अनुभव आहे.

इथे एक पेच होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ही रजा शुश्रूषेसाठी असते, स्टँपची वाट पाहण्यासाठी नसते. निखिलला बारा आठवडे हवे होते, म्हणजे २२ मार्चपर्यंतची सोय झाली असती. आम्ही सर्जनकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वडिलांची जखम बघता, मधुमेह बघता, आठ आठवडे सोबत कोणी हवं हे मी लिहीन. बारा लिहिणार नाही." निखिलने थोडा आग्रह केला. मी त्याचा हात दाबला. आठ आठवड्यांचं खरं प्रमाणपत्र बारा आठवड्यांच्या ताणलेल्या प्रमाणपत्रापेक्षा भक्कम. आणि ते खरं होतंच : रोज ड्रेसिंग, तलावपाळीवर हळूहळू फेऱ्या, गोळ्यांचे डबे, सगळं तोच करत होता. २९ डिसेंबर ते २२ फेब्रुवारी, रजा लेखी मंजूर झाली. विमा चालू राहिला.

उरले २३ फेब्रुवारीनंतरचे आठवडे. याच सुमारास बातमी आली की अ‍ॅमेझॉनने भारतात अडकलेल्या आपल्या लोकांना २ मार्चपर्यंत इथून काम करू दिलं आहे, पण कोडिंग नाही, टेस्टिंग नाही, करारांची बोलणी नाहीत. निखिलने ती बातमी एचआरला पाठवली. मला वाटलं काही उपयोग होणार नाही, पण झाला. मोठ्या कंपनीने आखलेली रेघ लहान कंपनीच्या वकिलाला आधार वाटते. बऱ्याच मेलांनंतर ठरलं की जास्तीत जास्त सहा आठवडे निखिलने अंतर्गत प्रशिक्षणाचं साहित्य तयार करावं, बँकेच्या यंत्रणेला हात लावू नये, कंपनीच्या वतीने कशावर सही करू नये.

या सहा आठवड्यांच्या करासाठी नौपाड्यातल्या एका सीएंकडे गेलो. निखिलची भीती होती की इथे राहिल्याने तो भारताचा करदाता रहिवासी ठरेल. त्यांनी बोटावर मोजून दाखवलं : ६ डिसेंबर ते ३१ मार्च म्हणजे ११६ दिवस. भेटीला आलेल्या अनिवासी भारतीयाला त्याच्यासारख्या स्थितीत १८२ दिवसांची मर्यादा, आणि १ एप्रिलपासून मोजणी नव्याने. रहिवासाची चिंता नको. खरा मुद्दा वेगळा : काम भारतात बसून केलं तर त्याचा पगार भारतात मिळवलेला मानला जातो, माणूस अनिवासी असला आणि पैसे न्यू जर्सीच्या बँकेत पडले तरीही. त्यातून सुटका भारत-अमेरिका करारातल्या सोळाव्या कलमाने होते, १८३ दिवसांच्या आत मुक्काम असेल, मालक भारतातला नसेल आणि पगाराचा बोजा भारतातल्या आस्थापनेवर नसेल तर. तिन्ही अटी बसत होत्या. तरी कागद जपून ठेवा, म्हणाले.

सोशल मीडियाचं काम वरवर किरकोळ होतं, पण त्याने निखिलची झोप उडवली. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात. त्याचं एक्सवरचं जुनं खातं अर्जात नव्हतंच, कारण तो ते विसरला होता. नवा डीएस-१६० भरून ते घातलं. सगळी खाती उघडी केली. काही पुसायचं का? राजकीय काही नव्हतं, क्रिकेटवरच्या शिव्या होत्या. राहू दिल्या. खरी काळजी लिंक्डइनची. तिथे त्याने स्वतःला "इंजिनिअरिंग लीड" लिहिलं होतं, पिटिशनमध्ये पद साधं सॉफ्टवेअर डेव्हलपर. आणि २०२० मधल्या एका प्रकल्पात कंटेंट मॉडरेशनचा, म्हणजे लोकांच्या पोस्ट तपासून नको त्या काढण्याच्या कामाचा, उल्लेख होता. डिसेंबरमध्येच बातम्या आल्या होत्या की अशा कामात असलेल्यांकडे अधिकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं अशी आतली सूचना गेली आहे. पद आम्ही पिटिशनप्रमाणे केलं, कारण पिटिशनमधलंच खरं होतं. प्रकल्पाचा उल्लेख ठेवला. तो सहा वर्षं जगाला दिसत होता. मुलाखतीच्या तोंडावर तो गायब होणं जास्त वाईट दिसलं असतं. कंपनीचा वकील यावर आमच्याशी सहमत होता, पण थोडा वेळ घेऊन.

तिकडे न्यू जर्सीत

हा भाग मी दुरून पाहिला, म्हणून थोडक्यात. १४ फेब्रुवारीला मृणालचं कार्ड संपलं. तिने त्या शुक्रवारी, १३ तारखेलाच, मालकाला सांगून काम थांबवलं. अर्ज प्रलंबित असल्याने राहायला हरकत नव्हती, कमवायला होती. निखिलची तेव्हा बिनपगारी रजा चालू. दहा दिवस त्या घरात एकही पगार येत नव्हता. निखिल इतके दिवस बाहेर राहिला तर तिच्या एच-४ चं काय, हे तिने तिथल्या वकिलाला विचारलं. नवऱ्याची नोकरी शाबूत आहे आणि अनुपस्थिती तात्पुरती आहे हे दाखवता आलं पाहिजे, असं उत्तर मिळालं. म्हणजे पुन्हा तीच मधली ओळ. रजेच्या मंजुरीचं पत्र तिच्याही फाइलला लागलं.

घराच्या करारावर तिने एकटीने सही केली, वर्षाऐवजी महिन्या-महिन्याच्या बोलीवर, जास्त भाडं देऊन. फोनवर मला म्हणाली, "ताई, सगळे निखिल अडकला म्हणतात. मी कुठे सुटलेय?"

मुलाखत आणि परतणं

१२ मार्चला निखिल पहाटे निघाला. ईस्टर्न एक्सप्रेसवर अडकायला नको म्हणून पुन्हा लोकलच पकडली. मुलाखत चार मिनिटांची. कुठली कंपनी, काय काम, किती पगार. मग : "डिसेंबरपासून इथे काय करत होता?" निखिलने सांगितलं, वडिलांची बायपास, एफएमएलए, आता मर्यादित काम, आणि मंजुरीचं पत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने ते पाहिलं, परत दिलं. मॉडरेशनबद्दल अवाक्षर नाही. पासपोर्ट ठेवून घेतला, तपासणी बाकी आहे म्हणाला.

१९ मार्चला गुढीपाडवा होता. गुढी अण्णांनी उभारली, काठी निखिलने धरली. स्थिती तशीच, प्रलंबित. २५ तारखेला व्हिसा मंजूर दिसला, २७ ला पासपोर्ट हातात आला, २९ ला विमान. मृणालचं कार्ड एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आलं आणि तिची जागा शाबूत होती.

काय वेगळं करता आलं असतं

२०२३ मध्ये स्टँप करून घ्यायला हवा होता हे आता कोणीही सांगेल. पण मागे पाहून सांगणं सोपं आहे. ड्रॉपबॉक्स बंद होईल हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? त्यापेक्षा मला मृणालच्या अर्जाचा उशीर जास्त खटकतो. सप्टेंबरमध्ये बातम्यांचा एवढा गदारोळ चालू असताना त्या घरात सगळं लक्ष एच-१बीवर होतं, आणि एच-४ म्हणजे मागून येणारा डबा. तो अर्ज अडीच महिने आधी गेला असता तर कार्डही कदाचित आधी आलं असतं.

कंपनीकडूनही एक गोष्ट राहिली. प्रवास टाळा एवढा मेल पाठवून वकील मोकळा झाला. ज्याला जावंच लागणार त्याने निघण्याआधी काय करून जावं, हे त्यात नव्हतं. रजेची लेखी तरतूद, बाहेरून काम करता येईल की नाही, काय करता येईल, हे ५ डिसेंबरआधी ठरलं असतं तर २० तारखेला राउटरची चर्चाच झाली नसती. त्या कंपनीने आता असा दोन पानांचा फॉर्म केला आहे असं निखिल सांगतो.

९ ते २२ डिसेंबर या तेरा दिवसांच्या गप्प बसण्याबद्दल निखिल स्वतःच बोलतो. त्याला वाटत होतं की तातडीची अपॉइंटमेंट मिळेल आणि सांगायची वेळच येणार नाही.

आता माझं. न्यूअर्कला उतरल्यावर निखिलने आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, पाहिलं. पिटिशन फेब्रुवारी २०२९ पर्यंतचं, पण आय-९४ वर तारीख पडली जुलै २०२७ ची, कारण त्याचा पासपोर्ट जुलै २०१७ चा, दहा वर्षांचा. अमेरिकेत राहण्याची मुदत या आय-९४ वरच ठरते, आणि विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टच्या पुढची तारीख देत नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, हे पोरगं ठाण्यात रिकामं बसलं होतं. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तत्काळमध्ये नवा पासपोर्ट सहज झाला असता. डीएस-१६० आम्ही तसाही नव्याने भरला, त्यात नवा नंबर घालता आला असता. मी त्या कागदावर सगळ्यांच्या तारखा लिहून घेतल्या आणि पासपोर्टची विचारलीच नाही. एकोणीस वर्षं तेच काम केलेल्या बाईने.

आता तो न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट नवा करून घेतो आहे. त्यानंतर एकदा देशाबाहेर जाऊन परत यायचं किंवा कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज करायचा, यावर वकिलाशी बोलणं चालू आहे. बाहेर जायचं नाव काढलं की मृणाल फोन ठेवून देते.